पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावरचे चार दिवस: आखणी तिथी पाहून करावी

गोव्यातील कितीतरी घरांतील मुले आज इंग्लंडात स्थिरावली आहेत आणि मे महिन्याच्या सुट्टीत किंवा चतुर्थी आटोपल्यावर त्यांच्याकडे महिनाभर राहून येण्याची प्रथा पेडण्यापासून काणकोणापर्यंत रुळली आहे. लंडन दोन-तीन दिवसांत पाहून होते, स्विंडनची दुकाने फिरून होतात, आणि मग वेल्सच्या समुद्रावर चार दिवस जाऊन येण्याचा विषय निघतो. त्यावर घरातील ज्येष्ठांचा प्रश्न ठरलेला असतो: समुद्र पाहायला इतक्या लांब कशाला जायचे? प्रश्न रास्त आहे. परंतु पेम्ब्रोकशायरचा समुद्र म्हणजे मिरामारचा समुद्र नव्हे, आणि म्हणूनच तेथील सहलीची आखणीही वेगळ्या क्रमाने करावी लागते. ठिकाणांची यादी करून ती दिवसांत वाटून टाकण्याची आपली नेहमीची रीत तेथे फसते. आधी महिना ठरवावा, मग भरती-ओहोटी पाहावी, मग ज्या स्थळांचे आरक्षण लवकर संपते ती पक्की करावीत, आणि उरलेले सर्व त्या त्या सकाळच्या वाऱ्यावर सोडावे.

हा प्रदेश वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला आहे. प्रामुख्याने किनारपट्टीसाठी राखलेले ब्रिटनमधील हे एकमेव राष्ट्रीय उद्यान असून ते १९५२ साली घोषित झाले. कड्यांच्या माथ्यावरून जाणारी १८६ मैलांची, म्हणजे सुमारे ३०० किलोमीटरची, किनारी पायवाट १९७० साली खुली झाली. या वाटेवरचे सगळे चढ एकत्र मोजले तर ते एव्हरेस्टच्या उंचीहून अधिक भरतात, असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. आपल्याला ती सबंध चालायची नसते. पण नकाशावर दोन मैल दिसणारे अंतर चालायला दीड तास का लागतो, याचे उत्तर त्यात आहे.

मुक्काम कोठे करावा

चार दिवसांत दोन मुक्काम करू नयेत. टेनबी किंवा त्याच्या शेजारचे साँडर्सफूट हे एक ठाणे, आणि उत्तरेकडचे सेंट डेव्हिड्स हे दुसरे. यांपैकी एकच निवडावे. बरोबर लहान मुले, वृद्ध आईवडील आणि भरपूर सामान असेल, किंवा स्वतःची गाडी नसेल, तर टेनबीला पर्याय नाही, कारण स्वॉन्सी आणि कारमार्दनमार्गे येणारी आगगाडी थेट गावात पोहोचते आणि स्थानकापासून समुद्र पायी दहा मिनिटांवर आहे. चालण्याची हौस असलेल्या तरुण मंडळींनी सेंट डेव्हिड्स घ्यावे. दोहोंमधील अंतर सुमारे ३५ मैल असले तरी गाडीने सव्वा तास सहज जातो, आणि तो रोज दोनदा द्यावा लागला की सुट्टीतला अर्धा उत्साह गाडीतच संपतो.

स्विंडनहून निघाल्यास एम-४ या महामार्गाने थेट पश्चिमेला जावे. सेव्हर्न नदीवरच्या पुलांची पथकर वसुली २०१८ च्या अखेरीस बंद झाली आहे. महामार्ग संपल्यावर कारमार्दनपर्यंत आणि तेथून पुढे टेनबीपर्यंत साधा रस्ता आहे. तीन तासांचा प्रवास धरून चालावा, मात्र उन्हाळ्यातल्या शनिवारी त्यात एक तास मिळवावा, कारण त्या दिवशी भाड्याची सुट्टीघरे बदलतात आणि अर्धे दक्षिण वेल्स एकाच रस्त्यावर असते. रविवारी सकाळी निघालेले केव्हाही बरे.

मे की सप्टेंबर

पफिन पक्षी पाहायचे असतील तर मे आणि जून हे महिने निवडावेत. हे पक्षी एप्रिलमध्ये या किनाऱ्याजवळच्या बेटांवर येतात आणि जुलैच्या अखेरीस एकाएकी समुद्रात निघून जातात. ऑगस्टमध्ये गेलेल्या पाहुण्याला त्यांची रिकामी बिळे दिसतात आणि दुकानांतून त्यांची चित्रे असलेले चहाचे पेले दिसतात. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीशी हा काळ नेमका जुळतो, हे गोव्यातील पाहुण्यांचे सुदैव म्हणावे लागेल. त्या सुमारास स्कोमर बेटावर ब्लूबेल नावाच्या निळ्या फुलांचा गालिचा असतो. मात्र मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तेथील शाळांना सुट्टी असते, तेव्हा तो आठवडा टाळता आल्यास टाळावा.

चतुर्थी करून सप्टेंबरात जाणाऱ्यांना पफिन मिळणार नाहीत, पण करड्या सीलची पिल्ले मिळतील. ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत माद्या दगडी पुळणींवर येऊन वितात आणि पांढऱ्या लोकरीची पिल्ले उघड्यावर पडलेली दिसतात. त्यासाठी बोटीचे तिकीट काढण्याचीही गरज नाही. मार्टिन्स हेवन येथील डिअर पार्क नावाच्या भूशिरावरून कड्याखालच्या पुळणी दिसतात आणि दुर्बीण असेल तर तासभर कसा गेला ते कळत नाही. (नावात हरीण असले तरी तेथे हरीण नाही.) पिल्लू एकटे दिसले म्हणून खाली उतरून त्याच्याजवळ जाऊ नये, माणसांच्या वावराने आई त्याला सोडून जाते.

दोन्ही महिन्यांत दिवसाच्या लांबीचा फरक मोठा आहे. मेअखेरीस सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो, सप्टेंबरच्या मध्यावर साडेसातला. किल्ले, वस्तुसंग्रहालये आणि प्राणिउद्याने मात्र दोन्ही वेळा साधारण पाचलाच बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याआधी असतो. म्हणून मे-जूनमध्ये तिकिटाची ठिकाणे आधी आणि मोकळा समुद्रकिनारा सायंकाळी, असा क्रम लावता येतो. आपल्याला सात वाजता दिवस संपल्याची सवय असते. तेथे त्या वेळी निम्मी दुपार शिल्लक असते आणि गर्दी घरी गेलेली असते.

भरती-ओहोटी

आता मुख्य मुद्दा. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांतील उंचीचा फरक दोन मीटरच्या आसपास असतो. टेनबीला उधाणाच्या दिवसांत तो सात मीटरच्या पुढे जातो. ज्या ब्रिस्टल खाडीच्या तोंडाशी हा किनारा येतो तिच्यातील भरती जगातील सर्वांत मोठ्या भरत्यांमध्ये गणली जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा की सकाळी पाहिलेला समुद्रकिनारा दुपारी अस्तित्वातच नसतो, किंवा सकाळी ज्या बेटाभोवती पाणी होते तेथे दुपारी लोक चालत जातात. केरीच्या धक्क्यावर ओहोटीला तेरेखोलची फेरीबोट थांबते, हे पेडण्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. पेम्ब्रोकशायरमध्ये तीच सावधगिरी प्रत्येक पुळणीवर बाळगावी लागते.

येथे आपले पंचांग कामी येते. उधाण पौर्णिमा आणि अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी असते आणि अष्टमीनंतर भांगाची, म्हणजे मंद, भरती असते, हे आपले रांपणकार पिढ्यान् पिढ्या जाणतात. पण प्रत्येक किनाऱ्यावर त्या भरतीची घड्याळातली वेळ जवळपास ठरलेली असते, हे सहसा लक्षात येत नाही. टेनबीच्या परिसरात उधाणाची भरती सकाळी आणि सायंकाळी साधारण सहा-सातच्या सुमारास येते, त्यामुळे पूर्ण ओहोटी भर दुपारी, बारा ते दीडच्या दरम्यान पडते. अष्टमीच्या आगेमागे हे चित्र उलटते आणि पाणी भर दुपारी वर असते. मधल्या दिवसांत भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे भिंतीवरचे कालनिर्णय पाहून, गोव्यात बसल्या बसल्या, महिनाभर आधी एवढे सांगता येते की पौर्णिमेच्या आठवड्यात गेलो तर दुपारी विस्तीर्ण वाळू मिळेल, आणि अष्टमीच्या आठवड्यात गेलो तर पुळणीची कामे सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावी लागतील. नेमके मिनिट नंतर तेथील भरतीच्या कोष्टकातून घ्यावे. टेनबी किंवा मिलफर्ड हेवन या बंदरांची कोष्टके पाहावीत.

या कोष्टकाविषयी एक इशारा. काही कोष्टके ग्रीनिच वेळेत छापलेली असतात आणि उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असल्यामुळे त्यांत एक तास मिळवावा लागतो. काहींत तो आधीच मिळवलेला असतो. कोष्टकाच्या माथ्यावर किंवा तळाशी तसे लिहिलेले असते आणि ते वाचल्याशिवाय एकही आकडा वापरू नये. तास मिळवायचा विसरला तर आपण लवकर पोहोचतो आणि थोडे ताटकळतो, एवढेच. तास दोनदा मिळवला तर मात्र उशीर होतो आणि तो उशीर वाढत्या पाण्यात होतो. आमच्या बाबतीत नेमके हेच घडले. मार्लोजच्या लांबलचक पुळणीवर जायचे होते. भाच्याने कोष्टकातील वेळेत प्रामाणिकपणे एक तास मिळवला. तो आधीच धरलेला होता. आम्ही निवांतपणे खडकांचे उभे थर पाहत, शंख वेचत पुढे गेलो आणि परतताना पाहिले तर वाळूत पुढे आलेल्या एका खडकाच्या टोकाशी, जेथून जाताना कोरड्या वाळूवरून आलो होतो, तेथे पाणी खळखळत होते. वहिनींनी साडी खोचली, मी पादत्राणे हातात घेतली, आणि पोटऱ्यांपर्यंतच्या बर्फगार पाण्यातून एकमेकांचा हात धरून आम्ही ते टोक ओलांडले. आणखी अर्धा तास उशीर झाला असता तर कड्याच्या पायथ्याशी अडकून पडलो असतो.

पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही, हेही लक्षात ठेवावे. पहिल्या तासात एकूण चढाचा सुमारे बारावा भाग येतो, दुसऱ्यात दोन भाग, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन भाग. टेनबीच्या उधाणाला हा हिशेब लावला तर मधल्या एकेका तासात जवळजवळ पुरुषभर पाणी चढते. म्हणून नियम असा ठेवावा की कड्याखालच्या पुळणीवर पूर्ण ओहोटीच्या आधी जावे आणि ओहोटीची वेळ होताच परतीला लागावे. कोणी अडकलेला दिसला तर ९९९ क्रमांकावर फोन करून तटरक्षक दल मागावे.

पोहण्याविषयी थोडक्यात: जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावर, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरावे, जसे कळंगुटला करतो तसे. जीवरक्षक हंगामातच असतात आणि ठराविक किनाऱ्यांवरच असतात. ऑगस्टमध्येही पाण्याचे तापमान १५ ते १७ अंशांच्या घरात असते, तेव्हा आपल्या मुलांचा पोहण्याचा उत्साह सहसा गुडघ्यापर्यंतच टिकतो. फ्रेशवॉटर वेस्टचा किनारा दिसायला अतिशय भव्य आहे, पण तेथील ओढ जबर आहे. तेथे पाहावे, चालावे, पाण्यात जाऊ नये.

स्कोमरचा दिवस

ज्या एका गोष्टीचे आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच पाहावे ती म्हणजे स्कोमर बेटावर उतरण्याची बोट. एप्रिल ते सप्टेंबर या काळात मार्टिन्स हेवनहून बोटी जातात, दिवसाला अडीचशेच माणसांना बेटावर उतरू दिले जाते, आणि बँक-सुट्टी, म्हणजे तेथील सार्वजनिक सुट्टी, नसेल तर सोमवारी कोणालाच उतरू देत नाहीत. मे-जूनमधल्या जागा फार लवकर भरतात. हा दिवस सहलीच्या सुरुवातीला ठेवावा, शेवटी नव्हे, कारण उत्तरेचा वारा सुटला की धक्क्यावर बोट लावता येत नाही आणि फेऱ्या रद्द होतात. हाताशी दिवस शिल्लक असेल तर निदान दुसरा काही बेत करता येतो.

बेटावर उतरताच ८७ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघेदुखी असलेल्यांना हे आधी सांगावे आणि त्यांच्यासाठी बेटाला नुसती प्रदक्षिणा घालणाऱ्या बोटीचे तिकीट काढावे; पाण्यावर बसलेले आणि डोक्यावरून उडणारे शेकडो पफिन तेथूनही दिसतात. बेटावर काही विकत मिळत नाही. पाणी, पोळीभाजी, उबदार कपडे आणि पावसाचे जाकीट घेऊनच जावे. छत्री नेऊ नये. तेथील वाऱ्यात ती उघडत नाही, उलटते.

अलीकडच्या गणनांत स्कोमरवर ४० हजारांहून अधिक पफिन मोजले गेले आहेत. आकड्याने माणूस फारसा हलत नाही. पण द विक नावाच्या कड्याजवळ वाटेच्या कडेला उभे राहिल्यावर जे होते त्याची कल्पना त्या आकड्यावरून येत नाही. पारव्याहून लहानसा पक्षी, चोचीत चंदेरी मासोळ्यांची जुडी आडवी धरून, समुद्रावरून थेट आपल्या दिशेने येतो, पाय फाकवून वाटेच्या पलीकडे धपकन उतरतो, क्षणभर आपल्याकडे पाहतो आणि आपल्या बुटांसमोरून लगबगीने धावत बिळात शिरतो, कारण तो वाटेत रेंगाळला तर मासोळ्या हिसकावून घ्यायला सीगल टपलेलाच असतो. वाट सोडून बाजूला होऊ नये असे कर्मचारी वारंवार सांगतात, ते शिस्तीच्या हौसेने नव्हे. जमीन बिळांनी पोखरलेली असते आणि एक पाऊल चुकीचे पडले की खाली अंडे किंवा पिल्लू दबते. याच बिळांतून मँक्स शिअरवॉटर या पक्ष्याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या राहतात, जगातली सर्वांत मोठी वसाहत. पण हे पक्षी केवळ रात्री जमिनीवर येतात, तेव्हा दिवसाच्या पाहुण्याने त्यांची अपेक्षा ठेवू नये.

टेनबी आणि कॅल्डी

टेनबीचे वेल्श नाव दिनबिच-अ-पिस्गोद असे आहे, म्हणजे माशांचा छोटा किल्ला. मध्ययुगीन तटबंदी, रंगीत घरांची रांग आणि खाली बंदर, असे हे गाव अर्ध्या दिवसात पाहून होते. उरलेला अर्धा दिवस कॅल्डी बेटाला द्यावा. तेथे १९२९ पासून सिस्टर्शियन पंथाचे साधू राहतात, सुगंधी द्रव्ये आणि चॉकलेट यांवर त्यांचा चरितार्थ चालतो, आणि रविवारी बेट पाहुण्यांना बंद असते. बोटी साधारण ईस्टरपासून ऑक्टोबरपर्यंत असतात.

येथेही भरतीच सूत्र हलवते. पाणी वर असताना बोट बंदरातून सुटते. ओहोटीला त्याच बंदरात होड्या कलंडून वाळूवर पडलेल्या असतात, त्यांच्या साखळ्यांवर हिरवे शेवाळ सुकत असते आणि मुले त्यांच्यामधून पळापळ करत असतात. अशा वेळी बोट टेकडीच्या पलीकडल्या कॅसल बीचवरून, चाकांवरच्या धक्क्यावरून सुटते. तिकीट काढताना जाण्याची जागा विचारावीच, पण परत येताना कोठे उतरवतील हेही विचारावे, कारण सहा तासांत सगळे बदललेले असते आणि गाडी एका बाजूला व आपण दुसऱ्या बाजूला असा प्रकार होतो. याच पुळणीवरून ओहोटीला सेंट कॅथरीन्स बेटाच्या पायथ्याशी चालत जाता येते. त्यावरचा किल्ला १८६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंचांच्या भीतीने बांधायला घेतला होता.

बंदरावर बसून तळलेला मासा आणि बटाट्याचे चिप्स खाणे हा तेथील विधीच आहे. तो भिंतीला पाठ लावून, पुडा झाकून करावा. आमच्या नातवाच्या हातातला मासा सीगलने मागून येऊन असा अलगद उचलला की पोराला रडायचे सुचायला काही क्षण गेले.

किल्ले आणि एक गिरणी

या जिल्ह्यात किल्ले इतके आहेत की सगळे पाहू म्हणणाऱ्याला शेवटी एकही आठवत नाही. दोन निवडावेत. पेम्ब्रोकचा किल्ला मोठा आहे, त्याचा सुमारे १२०० साली बांधलेला गोल बुरूज २३ मीटर उंच आहे, आणि ट्यूडर घराण्याचा पहिला राजा सातवा हेन्री १४५७ साली येथे जन्मला. किल्ल्याच्या पोटात वोगन नावाची नैसर्गिक गुहा आहे आणि मुलांना बाकी सारे सोडून तीच आवडते.

दुसरा कॅरूचा. गोव्यातल्या माणसाने तो किल्ल्यासाठी नव्हे तर शेजारच्या भरतीच्या गिरणीसाठी पाहावा. खाडीच्या तोंडाला बांध घालून सुमारे नऊ हेक्टरांचे तळे केलेले आहे. भरतीचे पाणी त्यात घेत, दार बंद करीत, आणि ओहोटीला खाडी उतरली की अडवलेले पाणी सोडून त्यावर गिरणीची चाके फिरवीत. वेल्समध्ये दुरुस्त करून जपलेली अशी ही एकमेव गिरणी आहे. आपल्या खाजन शेतीचा बांध आणि मानस ज्याने पाहिला आहे त्याला हे यंत्र समजावून सांगावे लागत नाही, फक्त ते उलटे आहे: आपला मानस भरतीला मिटतो आणि खारे पाणी बाहेर ठेवतो, त्यांचे दार भरतीला उघडते आणि तेच पाणी आत कोंडते. तळ्याभोवतीची वाट सुमारे मैलभराची आणि सपाट आहे, त्यामुळे वयस्कर मंडळींनाही ती झेपते.

दक्षिणेकडचे सेंट गोव्हन्स चॅपल, कड्याच्या फटीत बसवलेले छोटेसे प्रार्थनास्थळ, याच दिवसात घालता येते. तेथील पायऱ्या उतरताना आणि चढताना सारख्या मोजल्या जात नाहीत अशी आख्यायिका आहे. परंतु ते कॅसलमार्टिनच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात येते. गोळीबाराच्या वेळी रस्ता बंद असतो आणि लाल निशाणे लावलेली असतात; वेळापत्रक आधी प्रसिद्ध होते, ते पाहूनच निघावे. रस्ता बंद मिळाला तर जवळच्या बॉशर्स्टनच्या कमळतळ्यांकडे वळावे. जूनमध्ये तेथे फुले भरात असतात आणि तळ्यांच्या काठाने चालत समुद्रापर्यंत जाता येते. बाराफंडलची पुळण स्टॅकपोल की येथून अर्ध्या मैलावर आहे. तेथे गाडी जात नाही, दुकान नाही, शौचालय नाही, आणि म्हणूनच ती अजून सुंदर राहिली आहे.

सेंट डेव्हिड्स

लोकवस्ती दोन हजारांचीही नसलेले हे गाव १९९५ पासून अधिकृतपणे शहर आहे, ब्रिटनमधील सर्वांत लहान. ११८१ साली बांधायला घेतलेले त्याचे कॅथीड्रल खोलगट दरीत असल्यामुळे गावातून दिसतच नाही. वेशीच्या कमानीतून आत गेल्यावर एकदम पायाखाली दिसते आणि पायऱ्या उतरून जावे लागते. बाराव्या शतकात पोप दुसरे कॅलिक्स्टस यांनी येथील दोन यात्रांना रोमच्या एका यात्रेइतके पुण्य मानले. जुने गोव्याच्या फेस्ताला चालत जाणाऱ्या लोकांना या हिशेबातली गंमत कळेल. शेजारी बिशपच्या वाड्याचे भव्य अवशेष आहेत. दोन्हींसाठी सकाळ पुरते, मग दुपारी भरती पाहून व्हाइटसँड्सला जावे किंवा अबेरैद्दीचे निळे सरोवर पाहावे. ही १९१० पर्यंत चाललेली पाटीच्या दगडाची खाण. नंतर समुद्राकडची भिंत फोडल्याने तीत पाणी शिरले. शरद ऋतूत सीलच्या पिल्लांसाठी तेथे पोहणे थांबवतात.

त्याच्याही उत्तरेला पेंत्रे इव्हान आहे: सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे दगडी शवस्थान, ज्याची प्रचंड छतशिळा तीन उभ्या दगडांच्या टोकांवर तोललेली आहे. स्टोनहेंजमधील निळसर दगड याच भागातल्या प्रेसेली टेकड्यांतून नेलेले आहेत. टेनबीला मुक्काम असलेल्यांनी या एका दगडासाठी दिवस खर्चावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी खर्चला आणि घरच्यांनी अजून क्षमा केलेली नाही.

वारा, पाऊस, रस्ते

प्रमुख वारा नैर्ऋत्येकडून येतो. तो जोरात असेल त्या दिवशी पश्चिमेकडे तोंड असलेल्या न्यूगेल किंवा मार्लोजसारख्या पुळणी सोडून पूर्वाभिमुख टेनबी-साँडर्सफूटकडे राहावे; कड्यांच्या आडोशाने तेथे बसता येते. साँडर्सफूटहून वायझमन्स ब्रिजपर्यंत जुन्या कोळसा-रेल्वेच्या बोगद्यांतून समुद्रालगत सपाट वाट आहे. बाबागाडी आणि काठी दोन्ही तिथे चालतात. दिवसभर पाऊसच असेल तर लहान मुलांना किलगेटीजवळच्या फॉली फार्मला न्यावे, कारण प्राण्यांखेरीज तेथे छताखाली जुन्या धाटणीची जत्रा आहे. मोठ्यांनी फिशगार्डच्या नगरभवनात टांगलेला तीस मीटर लांबीचा भरतकामाचा पट पाहावा. १७९७ साली फ्रेंच सैन्य येथे उतरले आणि दोन दिवसांत शरण गेले, ती हकिकत त्यात आहे. जुन्या याद्यांत ओकवुड या मनोरंजन उद्यानाचे नाव हमखास सापडते. ते २०२५ साली कायमचे बंद झाले. मुलांना त्याचे आश्वासन देऊ नये.

पाहुण्याला भारतीय परवान्यावर बारा महिने गाडी चालवता येते आणि आपल्याप्रमाणेच डावीकडून चालवायची असते. वस्तीतली सर्वसाधारण वेगमर्यादा सप्टेंबर २०२३ पासून ताशी २० मैल आहे. रस्त्यावर रंगवलेला ‘अराफ’ हा शब्द म्हणजे ‘सावकाश’. गावांमधल्या गल्ल्या दोन्ही बाजूंनी उंच झुडपी बांधांच्या आणि एका गाडीच्या रुंदीच्या असतात. बार्देशातल्या वाड्यांत गाडी चालवणाऱ्याला त्यांचे नवल वाटणार नाही. फक्त हॉर्न वाजवू नये, समोरून गाडी आली की रुंदवलेल्या जागेपर्यंत मागे जावे आणि हात उंचावून आभार मानावेत. कड्यांजवळ मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे वाहनतळाचे पैसे भरायला सुटी नाणी जवळ ठेवावीत आणि तिकिटे व भरतीचे कोष्टक कागदावर काढून न्यावे. लहान गावांत खाणावळींची दुपार अडीचपर्यंत आटोपते आणि चूल पुन्हा सहाला पेटते. त्यामुळे डबा बरोबर असावाच, विशेषतः कोणी शाकाहारी असेल तर.

रोज रात्री जेवणे झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: उद्याची ओहोटी किती वाजता, वारा कोणत्या दिशेचा, आणि ज्या एका ठिकाणी तिकीट आहे ते उघडे आहे का. भाच्याच्या घरी हे आता एका चिठ्ठीवर लिहून फ्रीजला चिकटवतात, आणि ओहोटीच्या वेळेपुढे कंसात ‘तास धरलेला आहे’ असे लाल शाईने लिहितात.